पितळी वाद्य हाती घेताना : ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन शिकू पाहणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

पितळी वाद्य शिकायचे ठरले की पहिले काही आठवडे बहुतेक जण वाद्यांविषयीच वाचत बसतात. कुठल्या कंपनीचे घ्यावे, माऊथपीस (ओठांना टेकवायचा भाग) कितव्या नंबरचा हवा, लॅकर (पारदर्शक लेप) बरा की चांदीचा मुलामा. मी या वाटेने गेले आहे आणि माझ्यामागून येणारेही बरेच पाहिले आहेत. या प्रश्नांची उत्तरे देणारे पुष्कळ भेटतात, पण सुरुवातीलाच जे सांगायला हवे ते राहून जाते : सूर ओठांत तयार होतो, पितळेत नाही. हवेच्या झोताने ओठ थरथरतात, नळीतली हवा आपल्या लांबीनुसार ती थरथर ठरावीक उंचीवर धरून ठेवते आणि बेल, म्हणजे वाद्याचे पसरट तोंड, तो आवाज बाहेर सोडते. शंख, शिंग आणि तुतारी याच कुळातली. सॅक्सोफोन पितळेचा असूनही या कुळात मोडत नाही, कारण त्यात थरथरते ती वेताची पट्टी.

हे एकदा मनात ठसले की पुढचे बरेचसे निर्णय आपोआप सोपे होतात. आधी हवा, मग सुराचा पोत, आणि उंच सूर सगळ्यांत शेवटी. खालच्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत.

१. आधी भरपूर ऐका, मग वाद्य निवडा

जे वाद्य तुम्ही रोज तासभर, तेही स्वतःच्या अर्ध्याकच्च्या हाताने वाजवलेले, ऐकणार आहात त्याचा आवाज तुम्हाला मनापासून आवडायला हवा. म्हणून प्रत्येक वाद्य एकटे वाजताना ऐका. समूहात सगळीच वाद्ये छान वाटतात.

ट्रम्पेट आणि कॉर्नेट यांची नळी सारख्याच लांबीची, साधारण १.४८ मीटर. बोटेही तीच. ट्रम्पेटची नळी बराच भाग एकाच जाडीची असते, त्यामुळे आवाज धारदार येतो. कॉर्नेटची नळी हळूहळू रुंदावत जाते, वेटोळी जास्त असतात, आवाज गोल आणि वाद्य आटोपशीर. लहान मुलांच्या हाताला कॉर्नेट लवकर झेपतो. पुढे ट्रम्पेटकडे वळायचे तर नव्याने शिकावे असे फारसे काही उरत नाही. जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगची सुरुवात कॉर्नेटवरच झाली होती.

फ्रेंच हॉर्नचा मोह पडतो, आणि पडावा असाच त्याचा आवाज आहे. पण एफ पट्टीच्या हॉर्नची नळी उलगडली तर सुमारे ३.७ मीटर भरते आणि ती वाजवायची जवळपास ट्रम्पेटइतक्याच छोट्या माऊथपीसने. हॉर्न वाजतो तो नैसर्गिक सुरांच्या वरच्या टप्प्यात, जिथे सूर एकमेकांना खेटून असतात. ओठ जराही चुकला की शेजारचा सूर लागतो. हॉर्न वाजवायला घेण्याआधी, सूर मनात ऐकून तो गळ्यातून नेमका काढता येतो का, हे तपासा. येत असेल तर निर्धास्त घ्या.

ट्रॉम्बोनला व्हॉल्व्ह, म्हणजे हवेची वाट बदलणारे बोटांनी दाबायचे खटके, नसतात. सरकत्या नळीच्या सात जागा असतात आणि प्रत्येक जागेवर सूर अर्ध्या सुराने उतरतो. गाणाऱ्याला किंवा व्हायोलिन वाजवणाऱ्याला ट्रॉम्बोन जवळचा वाटतो, कारण जागा कानाने शोधायची असते आणि मींड अंगभूतच मिळते. हात आखूड असतील तर सातवी जागा गाठताना ओढाताण होते, तेव्हा आधी हात लावून पाहा. युफोनियम ट्रॉम्बोनइतक्याच लांबीचे, सुमारे २.७५ मीटर, पण रुंदावत जाणारे आणि व्हॉल्व्हचे. माझ्या मते मोठ्या वयात सुरुवात करणाऱ्याला सगळ्यांत सांभाळून घेणारे वाद्य हेच. बी-फ्लॅट ट्युबाची नळी साडेपाच मीटर. हवा भरपूर लागते, पण वाजवणारे कमी असल्याने समूहात जागा पटकन मिळते.

इथे पहिला खड्डा आहे. वाद्य निवडताना ते कुठल्या समूहात वाजते हे बहुतेक जण पाहत नाहीत. ब्रिटिश पद्धतीच्या ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट आणि फ्रेंच हॉर्न नसतातच. तिथे कॉर्नेट, फ्लुगलहॉर्न, टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन आणि बास (म्हणजे ट्युबा) असतात. एकोणिसाव्या शतकात खाणी-गिरण्यांतल्या कामगारांनी ही परंपरा वाढवली आणि मँचेस्टरजवळच्या बेल व्ह्यू इथे १८५३ मध्ये ब्रास बँडच्या स्पर्धा सुरू झाल्या. उलट सिंफनी ऑर्केस्ट्रात युफोनियमला क्वचितच काम असते. जॅझमध्ये ट्रम्पेट-ट्रॉम्बोन मध्यभागी असतात आणि स्वतः रचत वाजवावे लागते. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरच्या बँडमध्ये चालता चालता वाजवायचे असते. सर्बियातल्या गुचा गावी १९६१ पासून ट्रम्पेटवाल्यांचा महोत्सव भरतो; तिथली झपाटलेली लय आणखी वेगळी. तुम्हाला यांपैकी कुणाच्या शेजारी बसायचे आहे, ते ठरवा. वाद्य त्यातूनच ठरेल.

२. वाद्य मिळवताना

भाड्याने मिळत असेल तर पहिले सहा महिने भाड्यानेच घ्या. करारात तीन गोष्टी लेखी हव्यात : दुरुस्तीचा खर्च कुणाचा, पुढे विकत घेतल्यास भरलेले भाडे किमतीतून वजा होईल का, आणि वाद्याचा अनुक्रमांक. ट्रम्पेटवर हा अनुक्रमांक बहुधा मधल्या व्हॉल्व्हच्या नळकांड्यावर कोरलेला असतो. ताबा घेतानाच त्याचा आणि असलेल्या प्रत्येक पोच्याचा फोटो काढून ठेवा.

विकत घ्यायचेच असेल तर चांगल्या कंपनीचे जुने वाद्य हे निनावी, झगझगीत रंगाच्या स्वस्त नव्या वाद्यापेक्षा कधीही बरे. त्या स्वस्त वाद्यांचे व्हॉल्व्ह लवकर झिजतात, नळ्यांची मापे नीट जुळलेली नसतात आणि दुरुस्ती करणारे ती हातात घ्यायलाही तयार नसतात. नवशिक्याला वाटते आपल्यालाच सूर लागत नाही. अशा वाद्यावर कुणालाच लागला नसता.

जुने वाद्य असे तपासा :

- व्हॉल्व्ह दाबून सोडा. तेल घातल्यावर तो झटकन आणि आवाज न करता वर यायला हवा. बोटांनी आडवा हलवून पाहा. खडखड हलत असेल तर झिजलेला आहे.
- व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड, म्हणजे त्याला जोडलेली सरकती नळी, झटकन बाहेर ओढा. ‘पॉप’ असा आवाज आला तर हवा गळत नाही. ही फक्त चाचणी आहे. एरवी स्लाइड ओढताना तो व्हॉल्व्ह दाबून धरायचा असतो.
- सगळ्या स्लाइड हलतात का पाहा. अडकलेली ट्युनिंग स्लाइड म्हणजे दुरुस्तीचा खर्च.
- माऊथपीसनंतरच्या पहिल्या नळीत, म्हणजे लीडपाइपमध्ये, गुलाबी-तांबूस ठिपके दिसतात का? पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. आतून जस्त झिजून गेले की असे डाग पडतात आणि नळी कमकुवत होत जाते. असे वाद्य सोडून द्या.
- ट्रॉम्बोनची स्लाइड उभी धरून बाहेरची नळी हळूच सैल सोडा, खाली हात धरूनच. ती न अडखळता घसरायला हवी. स्लाइडवरचा बारीक पोचाही महाग पडतो, बेलवरचा मोठा पोचा मात्र बहुधा फक्त डोळ्यांना खुपतो.

३. सोबत काय काय लागेल

- माऊथपीस
- व्हॉल्व्ह ऑइल, किंवा ट्रॉम्बोन असल्यास स्लाइडचे क्रीम. हॉर्नसाठी रोटरी व्हॉल्व्हचे तेल
- स्लाइडसाठी ग्रीस
- नळी साफ करायचा लवचीक लांब ब्रश आणि माऊथपीसचा छोटा ब्रश
- मऊ सुती कापड
- मेट्रोनोम आणि ट्यूनर (फोनवरचे चालतात)
- नोटेशनचा स्टँड, पेन्सिल
- घरात रियाजासाठी प्रॅक्टिस म्यूट (बेलमध्ये बसवायचा, आवाज दाबणारा)

माऊथपीसविषयी थोडे सविस्तर. ट्रम्पेटवर सुरुवातीला बाख कंपनीच्या पद्धतीचा ७सी किंवा त्याच्या आसपासचा पुरतो. नंबर वाचताना गोंधळ होतो, कारण कंपन्यांचे हिशेब एकमेकांच्या उलट आहेत. बाखमध्ये आकडा लहान तितकी कपाची, म्हणजे माऊथपीसच्या वाटीची, रुंदी जास्त आणि अक्षर जसे पुढे सरकते तसा कप उथळ. यामाहामध्ये आकडा मोठा तितकी रुंदी जास्त आणि अक्षर पुढे गेले की कप खोल. एकाचा नंबर पाहून दुसऱ्याचा मागवू नका. दांड्याचे, म्हणजे वाद्यात शिरणाऱ्या टोकाचे, मापही बघा : कॉर्नेटचा माऊथपीस ट्रम्पेटमध्ये नीट बसत नाही, आणि ट्रॉम्बोन-युफोनियमसाठी लहान व मोठ्या दांड्याचे वेगवेगळे असतात. उथळ माऊथपीस घेतला की उंच सूर लागतील असे कुणी सांगितले तर पहिल्या वर्षी ते कानाआड करा. उथळ कपात आवाज पातळ होतो आणि ओठ दाबण्याची खोड लागते. मुलामा झिजून उघडे पितळ ओठाला लागत असेल आणि खाज सुटत असेल तर चांदीचा मुलामा पुन्हा चढवून घ्या किंवा प्लॅस्टिकच्या कडेचा माऊथपीस वापरा.

४. पहिले काही दिवस : फक्त हवा

वाद्य पेटीतच राहू द्या. सरळ उभे राहा, खांदे सैल सोडा, तोंड ‘ओ’ म्हणताना उघडते तसे उघडून श्वास घ्या. खांदे वर उचलले गेले तर श्वास वरवरचा आहे. पोट, बरगड्या आणि पाठ चहूबाजूंनी फुगायला हवी. आता मेट्रोनोम ६० वर लावा. चार मात्रांत श्वास आत, चार मात्रांत बाहेर. मग चारात आत, आठात बाहेर. आत आणि बाहेर यांच्यामध्ये श्वास अडवून धरू नका. श्वास अडला की घसा आवळतो आणि पहिला सूर फुटतो. चक्कर आल्यासारखे वाटले तर लगेच थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

दुसरा व्यायाम : कागदाचा एक तुकडा भिंतीला धरा, हात काढा आणि नुसत्या फुंकरीने तो भिंतीवर चिकटवून ठेवा. झोत कुठे डळमळतो ते कागद लगेच सांगतो. पेटीचा भाता सारख्या दाबाने चालवणारा हात जसा असतो, तसा हा झोत हवा.

शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रात १९४४ ते १९८८ पर्यंत ट्युबा वाजवलेले आर्नल्ड जेकब्स जगभरच्या पितळी वादकांचे गुरू मानले जातात. त्यांच्या शिकवणीचा गाभा दोनच गोष्टींचा : मनात गाणे आणि बाहेर हवा. स्नायूंचा विचार करत बसू नका, हवा आणि गाणे नीट असेल तर शरीर बाकीचे जुळवून घेते, असे ते सांगत. नवशिक्यांनी हे पहिल्याच आठवड्यात ऐकावे असे मला कळकळीने वाटते, कारण अनेकजण वर्षभर ओठांचे कोन मोजत बसतात आणि श्वास मात्र अर्धाच घेतात.

५. ओठ आणि माऊथपीस

‘म’ म्हणा आणि ओठ तसेच ठेवा. तोंडाचे कोपरे थोडे घट्ट, हनुवटी सपाट, मधला भाग सैल. हसल्यासारखे कोपरे मागे ओढू नका. ओठ ताणले गेले की आवाज चिरका होतो. आता हवा सोडा. ओठ फुरफुरतील. आधी मऊ, मग जरा घट्ट.

आरशासमोर माऊथपीस ओठांच्या मध्यावर टेकवा. ट्रम्पेटवर साधारण निम्मा वर, निम्मा खाली. हॉर्नवर वरच्या ओठाचा वाटा दोन तृतीयांश. दातांच्या ठेवणीनुसार थोडे इकडेतिकडे होणारच, त्याची चिंता नको. दातांना तारा लावलेल्या असतील किंवा लावायच्या असतील तर दंतवैद्याशी आधीच बोलून घ्या. लहान मुलांचे पुढचे कायमचे दात येईपर्यंत थांबलेले बरे.

सगळ्यांत मोठा सापळा दाबाचा आहे. सूर लागेना की हात आपोआप वाद्य ओठांवर रेटतात आणि गंमत म्हणजे तेवढ्यापुरता सूर लागतोही. म्हणूनच ही सवय धोक्याची. दाबलेल्या ओठाला रक्त पुरेसे पोचत नाही, तो लवकर थकतो, थकला की आणखी दाब लागतो. लुई आर्मस्ट्राँगसारख्या वादकालाही ओठांच्या दुखापतीमुळे १९३०च्या दशकात काही काळ वाजवणे थांबवावे लागले होते. वाजवून झाल्यावर ओठांवर माऊथपीसची खोल, बराच वेळ न जाणारी खूण राहत असेल तर दाब जास्त आहे. ट्रम्पेटवरच्या आकड्यात (हुकमध्ये) उजवी करंगळी अडकवून वाद्य ओढण्याची सवयही याच आजारातली. रियाजात करंगळी आकड्याच्या वर ठेवा.

गाल फुगवू नका. कुणी जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पींचे छायाचित्र दाखवेल, ज्यात त्यांचे गाल फुग्यासारखे फुगलेले आहेत. त्यांनी त्या गालांनी अद्भुत वाजवले, पण कुठल्याही शिक्षकाने ते नवशिक्याला शिकवलेले मी पाहिलेले नाही. गाल फुगले की कोपरे सुटतात.

६. पहिले पाच सूर

व्हॉल्व्ह न दाबता फुंका. नळीची लांबी तीच, बोटे हलत नाहीत, तरी ओठ आणि हवा बदलली की वेगवेगळे सूर येतात : सा, मग प, मग वरचा सा, त्याच्यावर ग, मग पुन्हा प. हे त्या नळीचे नैसर्गिक सूर. बिगुल एवढ्यांवरच चालतो. यातला गांधार पेटीच्या गांधारापेक्षा किंचित उतरलेला, तानपुऱ्यातून कानावर येतो तसा असतो. वरच्या पंचमानंतर येणारा कोमल निषाद मात्र इतका उतरलेला असतो की ट्रम्पेटवर तो मोकळ्या नळीने सहसा वाजवत नाहीत.

एकेकाळी ट्रम्पेट आणि हॉर्नकडे एवढेच सूर होते. हॉर्नवाले बेलमध्ये हात घालून मधले सूर काढत, किंवा जादा नळ्या बदलून पट्टी बदलत. १८१८ मध्ये श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोन जर्मन वादकांनी व्हॉल्व्हचे पेटंट घेतले आणि चित्र पालटले. व्हॉल्व्ह दाबला की हवा जादा नळीतून वळते : मधला अर्धा सूर उतरवतो, पहिला एक सूर, तिसरा दीड सूर.

ट्रम्पेट, कॉर्नेट आणि युफोनियमवर सुरुवात अशी :

- सा : मोकळा
- रे : पहिला आणि तिसरा
- ग : पहिला आणि दुसरा
- म : पहिला
- प : मोकळा

सुरुवात पंचमापासून करा, तो बहुतेकांच्या ओठांना सगळ्यांत सहज लागतो. तिथून खाली उतरत षड्जापर्यंत या. वर चढायची घाई नको. प्रत्येक सूर आधी गुणगुणा, मग वाजवा. नवशिक्याच्या बाबतीत ही एक सवय बाकी सगळ्या व्यायामांपेक्षा जास्त काम करते.

सुराची सुरुवात जिभेने. ‘त’ म्हणताना जीभ दातांच्या मुळाशी जिथे लागते तिथेच लागू द्या. ‘ट’ची जीभ वर वळते आणि सूर जड होतो. सूर जोडून घ्यायचे तर ‘द’. वेगवान दुहेरी जिभेसाठी ‘त-क त-क’, तिहेरीसाठी ‘त-त-क’, पण ते पुढच्या वर्षी. जीभ हवेला अडवत नाही, वाहत्या हवेला स्पर्श करून सोडते.

७. रोजचा रियाज

ओठांचे स्नायू लहान असतात. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोनदा, एका बैठकीतल्या तासाभरापेक्षा जास्त उपयोगी पडतात. जितका वेळ वाजवाल तितकाच वेळ ओठ मोकळे ठेवा. त्या वेळात पुढची ओळ गा, बोटे बसवा.

बैठकीचा क्रम : आधी नुसती हवा, मग लांब सूर. लांब सूर म्हणजे एकच सूर मंद सुरू करून, मोठा करून, पुन्हा मंद करत संपवणे, उंची न हलवता. त्यानंतर एकाच बोटांवर सा-प-सा असे ओठांनी सरकणे. मग जिभेचे काम, मग सप्तक, आणि शेवटी एखादी आवडती चाल. चाल रोज हवीच. नुसत्या व्यायामांवर कुणी टिकत नाही. संपवताना दोन-तीन खालचे मंद सूर वाजवून ओठ सैल करा.

फ्रेंच कॉर्नेटवादक आर्बां यांनी १८६४ मध्ये प्रसिद्ध केलेली शिकवणी आजही पितळी वादकांच्या हातात असते. ती जरूर मिळवा, पण शेवटची झळकणारी पाने उघडून बसू नका. सुरुवातीच्या व्यायामांतच वर्ष जायला हरकत नाही.

ओठ सुजले, बधिर झाले किंवा दुखू लागले की त्या दिवसापुरते थांबा. दमल्यावर रेटून वाजवले तर स्नायूंना चुकीचेच वळण लागते.

शेजाऱ्यांसाठी प्रॅक्टिस म्यूट ठीक आहे, पण सगळा रियाज त्यातच करू नका. त्यात हवेला जास्त अडथळा असतो आणि सूर चढतो, त्यामुळे म्यूट काढल्यावर वाद्य परके वाटते. आठवड्यातून निदान दोनदा मोकळ्या बेलने वाजवायला जागा शोधा. बाकीचे म्यूट नंतर हवे तर घ्या; जॅझ वादक माइल्स डेव्हिसच्या ट्रम्पेटमधला तो दूरून आल्यासारखा आवाज हार्मन म्यूटची मधली नळी काढून आलेला आहे.

८. पट्टीचा घोळ

ट्रम्पेट बी-फ्लॅट वाद्य आहे. कागदावर सी लिहिलेला सूर वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते. म्हणजे पेटीवाल्याने पांढरी एकला षड्ज धरला तर ट्रम्पेटवाल्याला एक पूर्ण सूर वर, डी धरून वाजवावे लागते. हॉर्न एफचा, त्याचा सी म्हणजे पांढरी चार. टेनर हॉर्न ई-फ्लॅटचा, त्याचा सी म्हणजे काळी दोन. पहिल्यांदा दुसऱ्या वाद्यांबरोबर बसाल तेव्हा ‘माझ्या कागदावरचा की पेटीवरचा?’ हा प्रश्न आधीच विचारा, अर्धा तास वाचेल.

ट्रॉम्बोनचे आणखी वेगळे : ऑर्केस्ट्रात त्याचे सूर बहुधा बास क्लेफमध्ये लिहितात (क्लेफ म्हणजे नोटेशनच्या ओळींवर कुठला सूर कुठे ते सांगणारी खूण; बास खालच्या सुरांसाठी, ट्रेबल वरच्या) आणि तो जसा लिहिला तसाच वाजतो. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये मात्र बास ट्रॉम्बोन सोडून सगळी पितळी वाद्ये ट्रेबल क्लेफमध्ये लिहितात, म्हणजे कॉर्नेटवाला उद्या युफोनियमवर बसला तरी वाचन आणि बोटे तीच राहतात. युफोनियम शिकणाऱ्यांनी दोन्ही क्लेफ शिकून घ्यावेत.

सुरात राहण्याविषयी. वाद्य थंड असेल तर सूर उतरतो, गरम झाले की चढतो. म्हणून आधी पाच मिनिटे वाजवा, मग ट्यूनर लावा. ट्युनिंग स्लाइड बाहेर ओढली की सूर उतरतो. पण स्लाइड एकदा लावली म्हणजे सगळे सूर जुळले असे होत नाही. ट्रम्पेटवर तिन्ही व्हॉल्व्ह दाबून तीन सूर उतरवायचे तर नळी सुमारे ४१ टक्के, म्हणजे जवळजवळ ६१ सेंटिमीटर, वाढायला हवी. प्रत्येक व्हॉल्व्ह एकेकटा अचूक जुळवला तर तिघांची बेरीज ३७ टक्के, सुमारे ५५ सेंटिमीटर होते. बनवणारे तिसरी नळी थोडी लांब ठेवून तडजोड करतात, तरी पहिला-तिसरा आणि तिन्ही मिळून येणारे सूर चढेच राहतात. तिसऱ्या स्लाइडला अंगठी असते ती याचसाठी : ते खालचे सूर लांब धरायचे असतील तेव्हा डाव्या हाताच्या बोटाने स्लाइड पुढे सरकवायची.

९. वाद्याची निगा

वाजवताना नळीत साठते ते मुख्यतः श्वासातल्या वाफेचे पाणी. मधूनमधून वॉटर की (पाणी सोडायची छोटी झडप) दाबून, हवा फुंकून ते काढा. खाऊन लगेच वाजवू नका, आधी चूळ भरा; साखर व्हॉल्व्हची शत्रू आहे.

व्हॉल्व्हला दर एक-दोन दिवसांनी तेल. काढताना एकावेळी एकच काढा. त्यावर १, २, ३ असे आकडे असतात. अदलाबदल झाली किंवा तिरका बसला तर वाद्यातून हवाच जात नाही आणि माणूस घाबरतो. जागेवर वळवून ‘टिक’ बसला की झाले.

महिन्यातून एकदा कोमट पाण्याने अंघोळ. पाणी कढत असेल तर लॅकर निघतो. व्हॉल्व्ह वेगळे काढून त्यांचे धातूचे भाग धुवा, वरचे नमदे भिजू देऊ नका. मग नळ्या ब्रशने साफ करून, वाळवून, ग्रीस आणि तेल लावून जोडा. माऊथपीस दर आठवड्याला धुवा.

माऊथपीस अडकला तर पक्कड लावू नका, मुरगाळूही नका. त्यासाठी वेगळे ओढणी-यंत्र असते, ते दुरुस्तीवाल्याकडे मिळते. आणि माऊथपीस लावताना तळहाताने ठोकू नका. तो अडकतो तो यामुळेच.

१०. पहिल्यांदा समूहात बसताना

वर्षभर थांबू नका. पाच-सहा सूर स्थिर लागले आणि ताल धरता आला की एखाद्या शिकाऊ समूहात तिसऱ्या किंवा चौथ्या भागाच्या खुर्चीवर बसा. एकट्याच्या खोलीत कितीही रियाज केला तरी दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळणे तिथे शिकता येत नाही. खालच्या भागाला कमी लेखू नका. वरचा सूर उभा राहतो तो खालच्यांच्या आधारावर. शेजारचा ऐकू येत नसेल तर तुम्ही फार मोठ्याने वाजवता आहात.

थांबलेल्या मात्रा मोजणे हा पितळी वादकाच्या कामाचा मोठा भाग आहे. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत ट्रॉम्बोनवाले पहिले तीन भाग गप्प बसून थेट चौथ्या भागात वाजवायला लागतात. द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीत ट्युबाला मोजकेच सूर आहेत. अशा वेळी वाद्य थंड होऊन सूर उतरतो. प्रवेशाच्या थोडे आधी आवाज न करता नळीतून उबदार हवा सोडत राहा आणि खोल श्वास दोन मात्रा आधीच घ्या.

काही रीती माहीत असाव्यात. दुसऱ्याचा एकल भाग त्याच्यासमोर गंमत म्हणून वाजवून दाखवत नाहीत. सहवादकाने अवघड जागा छान वाजवली तर, हातात वाद्य असल्याने, पाय हळूच घासून किंवा मांडीवर हात आपटून दाद देतात. पुढच्या रांगेतल्यांच्या कानाशी बेल रोखू नका, आणि मोठ्या आवाजाच्या समूहात स्वतःसाठी कानातले संरक्षक बोळे ठेवा.

पहिल्या तालमीला न्यायचे : पेन्सिल, व्हॉल्व्ह ऑइल, पाणी टिपायला फडके, सरळ म्यूट असल्यास तो, आणि आपल्या भागाच्या नोटेशनची प्रत. वीस मिनिटे आधी पोचा, म्हणजे वाद्य गरम करून घेता येईल आणि आपला भाग शेजारच्यांना विचारून नीट पाहता येईल.